मदत कुठवर? – किल्लारी, शांतिलाल मुथ्था आणि आपण

(२०२४ च्या गणेशोत्सवात बेगम बाजार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी व्याख्यानाला पुण्याहून किंवा लातूरहून कुणी विद्वान येतात. यंदा पावसाने गाड्यांचा घोळ झाला, पाहुण्यांचे येणे रद्द झाले आणि सचिवांनी माझे नाव पुढे केले. मी विद्वान नाही. स्थापत्याचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या बांधकामाच्या कामात वीस-बावीस वर्षे घातलेला साधा नोकर आहे. मापाची वही, अंदाजपत्रक, बिले एवढेच माझे वाङ्मय. त्यामुळे बोलण्यात अलंकार सापडणार नाहीत, आकडे मात्र सापडतील. ते सांभाळून घ्यावे.

विषय मी मागून घेतला. कारण तुमच्या डाव्या हाताला, सतरंज्यांच्या कपाटाशेजारी, गाठोड्यांचा जो डोंगर उभा आहे तो येता-जाता दिसतो. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरच्या पावसात खम्ममला मुन्नेरू नदी शिरली, आणि आपण तीन दिवसांत एवढे कपडे जमवले. मंडळाला याचे श्रेय आहेच. पण पुढे काय, हा प्रश्न मला परवापासून सुटत नाही. म्हणून आज एका माणसाविषयी आणि त्याच्या संस्थेविषयी बोलणार आहे. माणूस बीड जिल्ह्यातला, नाव शांतिलाल मुथ्था. संस्था भारतीय जैन संघटना.

त्यांच्याकडे जाण्याआधी दोन मिनिटे आपल्याच बाजारात थांबू.

आपण जिथे बसलो आहोत तिथे २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीचे पाणी होते. बेगम बाजार, अफजलगंज, कोलसावाडी हा सगळा भाग त्या दिवशी वाहून गेला. सुमारे १५ हजार माणसे गेली असे सांगतात. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाटचा पूल या तिघांनाही पाण्याने सोडले नाही, पुराना पूल तेवढा टिकला. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात जे चिंचेचे झाड आहे, त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे, पण दवाखान्यात जाणारा माणूस झाडाकडे कशाला बघेल म्हणा.

तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान गादीवर होते. महालांचे दरवाजे लोकांसाठी उघडले, अन्नछत्रे चालली. हे चांगलेच झाले, पण अन्नछत्र किती दिवस चालणार? खरे काम पुढच्या वर्षी सुरू झाले. १९०९ साली विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले. त्यांनी नदीचा अभ्यास करून वरच्या बाजूला पाणी अडवण्याची योजना दिली. त्यातून १९२० साली उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. पूर आला १९०८ ला आणि त्याचे उत्तर पुरे व्हायला एकोणीस वर्षे लागली. अन्नछत्रातले जेवण जेवलेला माणूस आज कुणी नाही. गंडीपेटचे पाणी मात्र आपण सगळे प्यायलेले आहोत.

हा एकोणीस वर्षांचा हिशेब लक्षात ठेवा. मला जे म्हणायचे आहे ते त्याच्याच आसपास आहे.

आता किल्लारी. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या कुटुंबांचे मूळ गाव निलंगा, उदगीर, औसा, उमरगा नाहीतर बिदर-भालकी पट्ट्यातले. जुन्या हैदराबाद संस्थानात तो सगळा मुलूख एकच होता. १९५६ ला राज्ये वेगळी झाली, पण सोयरीक वेगळी झाली नाही. सोलापूर रस्त्याने निघाले की उमरगा लागते, तिथून आत वळले की किल्लारी. त्यामुळे ३० सप्टेंबर १९९३ ची बातमी आपल्यासाठी परगावची नव्हती.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. तिकडे गावोगावी विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी आले, दमून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती नव्या जागी वसवावी लागली. इकडे हैदराबादेतही धक्का जाणवला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. हुसेनसागरावरून परत आलेली आमच्या गल्लीतली पोरे ओट्यावरच झोपली होती, ती उठून बसली एवढे आठवते.

इतकी माणसे का मेली, हे माझ्या धंद्यातले असल्यामुळे सांगतो. भूकंप मोठा होता, पण जगातल्या मोठ्यांपैकी नव्हता. त्या भागातली घरे दगड-मातीची. भिंत दोन-अडीच फूट जाड, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे माती आणि खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी थोडी माती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार, फार छान घर. पण हलले की भिंतीचे दोन थर दोन बाजूंना सुटतात आणि माळवदाचे ओझे खाली येते. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या, असेही झाले. आमच्या आजोबांचे घर अगदी असेच होते. आरपार दगडाचा खर्च फारसा नसतो. गवंड्याला माहीत असावा लागतो, एवढेच.

मदत लोटली. देशातून, परदेशातून. बेगम बाजारानेही हात आखडता घेतला नाही. इथून जो ट्रक गेला त्यात आमचे काका बसून गेले होते. भांड्यांच्या दुकानदारांनी पातेली, तवे, पराती, कळशा दिल्या होत्या, आणि वर कपड्यांची गाठोडी भरली होती. काका परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "भांडी ट्रकमधून उतरायच्या आधीच गेली. कपडे रस्त्याच्या कडेला पडले होते. आमचेही तिथेच पडले." जन्मभर लुगडे नेसलेल्या बाईला कुणी सलवार दिली होती, कुणी फाटक्या जरीचा लग्नातला शालू दिला होता. पावसाने ते ढीग भिजले. काका म्हणायचे, मेलेल्या गावाला आपण आपली अडगळ नेऊन टाकली.

काका जरा तिखट बोलायचे, पण भांड्यांची गोष्ट खरी होती. भांडे म्हणजे चूल, आणि चूल पेटली की घर पुन्हा सुरू होते.

याच दिवसांत मुथ्था तिथे पोचले होते. त्यांची थोडी ओळख करून देतो. जन्म बीड जिल्ह्यातल्या लहान गावचा, घरची गरिबी. आष्टी तालुक्यातल्या कडा गावी जैन वसतिगृहात राहून शिक्षण झाले. पुढे पुण्यात कॉमर्स शिकले आणि बांधकामाच्या व्यवसायात उतरले. पुण्यात जमिनीला सोन्याचा भाव येत होता, त्यांचा धंदा चांगला चालला होता. एकतिसाव्या वर्षी, १९८५ साली, त्यांनी धंद्यातून लक्ष काढून भारतीय जैन संघटना उभी केली. सुरुवातीचा भर समाजातल्या लग्नखर्चावर होता. सामुदायिक विवाह, साधे विवाह, हुंड्याला विरोध, असे ते काम. म्हणजे १९९३ च्या सप्टेंबरपर्यंत ही आपत्तीत मदत करणारी संस्था नव्हतीच. ती किल्लारीत घडली.

त्या ढिगाऱ्यांत सगळे लोक अन्न, कपडा, तंबू पाहत होते. ते पाहायलाच हवे होते. मुथ्थांचे लक्ष मुलांकडे गेले. आई नाही, बाप नाही, असलाच तर एक आहे आणि तो बधिर होऊन बसला आहे, शाळा पडली आहे, मास्तर स्वतःच्या घरातली माणसे शोधतो आहे. अशा मुलाला आज जेवण मिळेल, पण परवा ते कुठे असेल? वसतिगृहात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्यांनी भूकंपग्रस्त गावांतली १२०० मुले पुण्याला नेली. त्यांच्या राहण्या-शिकण्यासाठी पुण्याजवळ वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र उभे केले आणि त्यांचे शिक्षण पुरे होईपर्यंत जबाबदारी घेतली.

१२०० हा आकडा आपण पटकन वाचून पुढे जातो. मी आमच्या पद्धतीने हिशेब मांडून पाहिला. १२०० मुले, दोन वेळचे जेवण, म्हणजे दिवसाला २४०० ताटे. वर्षभर सगळी मुले तिथेच आहेत असे धरले तर पावणेनऊ लाखांच्या वर ताटे. नाश्ता यात धरलेला नाही. सहा वर्षांचे मूल दहावी व्हायला दहा वर्षे. त्यात गणवेश, वह्या, खरूज, ताप, रात्री किंचाळून उठणारे पोर, सुट्टीत गावी जायचे म्हटले की कुणाकडे जायचे हा प्रश्न. पहिल्या वर्षी देणगीदार रांग लावतात, वर्तमानपत्रे फोटो छापतात. चौथ्या वर्षी कोण येते? किल्लारीचे नाव मागे पडते, दुसरीकडे पूर येतो, लोकांचे लक्ष तिकडे जाते. चौथ्या वर्षी, सातव्या वर्षी तांदूळ मात्र तेवढाच लागतो. मला मुथ्थांच्या कामात मोठी गोष्ट वाटते ती ही सातव्या वर्षाची. पहिल्या आठवड्याला आपल्यापैकी कुणीही जाईल.

सरकारने काही केले नाही का, असे इथे कुणीतरी मनात म्हणत असेल. केले, आणि बरेच केले. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार तातडीने तिथे पोचले, यंत्रणा हलली, जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्याने बांधली गेली. मी स्वतः सरकारी माणूस आहे म्हणून बाजू घेतो असे समजू नका. सरकारला घर देता येते, कारण घराला नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, काम पुरे झाल्याचा दाखला असतो. धनादेश देता येतो, कारण त्याला यादी असते. पण आठ वर्षांच्या पोराजवळ बसून त्याला पाढे म्हणायला लावणे, याला आमच्या कचेरीत लेखाशीर्ष नाही. तिथे माणूस लागतो, संस्था लागते. आणि संस्थेलाही सरकार लागते. परवानगी, जागा, शाळेची मान्यता या गोष्टी कागदाशिवाय होत नाहीत. मुथ्था पुढे जिथे जिथे गेले तिथे सरकारशी भांडण न उकरता, सरकारबरोबर करार करून काम करत आले. काही कार्यकर्त्यांना यात कमीपणा वाटतो. मला वाटत नाही. फाईल घेऊन येणारा समाजसेवक आम्हाला आवडतो, कारण त्याचे काम त्याच्या मागे टिकते.

दोन आक्षेपांविषयी बोलले पाहिजे. पहिला, नावात जैन आहे, मग काम कुणासाठी? याला उत्तर कामातच आहे. किल्लारीची मुले निवडताना जात-धर्म पाहिला गेला नाही. बेगम बाजारात आपल्या शेजारी मारवाडी, जैन, कायस्थ, मुसलमान, तेलुगू सगळे दुकानदार आहेत. आपल्या मंडळाच्या नावात महाराष्ट्र आहे म्हणून खम्ममची मदत आपण मराठी माणसे शोधून देणार आहोत का?

दुसरा आक्षेप अवघड आहे. मुलांना त्यांच्या गावापासून, उरलेल्या नातेवाइकांपासून, तीनशे किलोमीटर दूर नेणे बरोबर होते का? या विषयातले जाणकार सांगतात की शक्यतो मूल आपल्या माणसांत राहावे, वसतिगृह हा शेवटचा उपाय. मला हे पटते. आजी जिवंत असेल तर आजीजवळ राहून शिकणारे मूल निराळे वाढते. पण १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गावांत शाळा नव्हती, घर नव्हते, आजी स्वतः पत्र्याखाली होती. त्या वेळी मुलांचे वर्ष वाया जाऊ न देणे हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तो सगळीकडे लागू करावा असेही मी म्हणणार नाही. खम्ममला शाळा उभ्या आहेत, मास्तर आहेत, आईबाप आहेत. तिथे मुलांना हलवायची काही गरज नाही, त्यांना तिथेच धरून ठेवायची गरज आहे.

संघटनेनेही प्रत्येक ठिकाणी एकच साचा वापरला नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मुले हलवली नाहीत, शाळाच नेल्या. तीन महिन्यांच्या आसपास ३६८ शाळा उभ्या केल्या आणि सरकारच्या ताब्यात दिल्या. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा विश्वास बसला नाही. आमच्याकडे एका वर्गखोलीचा पाया भरायला एवढा वेळ जातो. एकच आराखडा, भूकंपात टिकेल असे हलके बांधकाम, ठरलेली मुदत, आणि निर्णय घेणारे माणूस जागेवर हजर, असे असले की होते. शेवटची अट सर्वांत महाग आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, त्यानंतर अंदमान-निकोबारला त्यांनी ११ शाळा आणि ३४ आरोग्य केंद्रे बांधली. तिथे वाळू-सिमेंट बोटीने न्यायचे, म्हणजे काय त्रास असेल याची मी कल्पना करू शकतो. बिहारमध्ये २००८ साली कोसी फुटली, तेव्हा डॉक्टरांची पथके गेली. नेपाळलाही गेले.

वाघोली मात्र बंद झाली नाही. किल्लारीची मुले मोठी होऊन बाहेर पडली, तशी मेळघाटातली, ठाणे जिल्ह्यातली आदिवासी मुले तिथे आली. पुढे मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा त्या घरांतली मुले आली. इमारत तीच, स्वयंपाकघर तेच. भूकंप एका पहाटेत आटोपतो. कर्ज आणि दुष्काळ यांना तारीख नसते, त्यामुळे त्यांच्या मदतीला ट्रक निघत नाहीत. २०१३ च्या दुष्काळात संघटनेने बीड जिल्ह्यात तलावांतला गाळ काढायचे काम हाती घेतले. यंत्र संस्थेचे, गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने शेतात नेऊन टाकायचा. तलाव खोल झाला, शेताला माती मिळाली. फुकट काही वाटले नाही, त्यामुळे हात पसरावा लागला नाही. तलावातला गाळ शेतात जातो हे आपल्या आजोबांना माहीत होते, पण पोकलेन लावून जिल्हाभर कुणी केले नव्हते.

आता आपल्या गाठोड्यांकडे येतो. रागावू नका.

परवा मी आणि कार्यकारिणीतले दोघे बसून ती गाठोडी सोडून पाहिली. एक तृतीयांश कपडे वापरण्यासारखे आहेत. ते धुऊन, इस्त्री करून, बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे असे वेगळे बांधून न्यावेत. बाकीचे भंगारवाल्याला द्यावेत आणि जे पैसे येतील ते पावती करून निधीत टाकावेत. कुणाचे काय होते ते आम्ही पाहिले नाही, आणि पाहिले असेल तर सांगणार नाही.

खम्ममला जिथे पाणी शिरले, तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझे फोनवर बोलणे झाले. त्यांना विचारले, काय पाठवू? ते म्हणाले, कपडे पुष्कळ आलेत. मुलांची पुस्तके चिखलात गेली. दप्तरे गेली. काही घरांत सगळी भांडी गेली. आणि दहावीची मुले आहेत, ज्यांचे वडील रोजंदारीवर आहेत आणि घर साफ करायला महिनाभर कामावर जाऊ शकणार नाहीत. अशी मुले या वर्षी शाळा सोडतात आणि पुढच्या वर्षी परत येत नाहीत. हे त्यांचे शब्द, मी वहीत लिहून घेतले.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे, ती तुमच्यापुढेही ठेवतो. भांडी आपण आपल्याच बाजारातून घाऊक भावाने घ्यावीत. चार-पाच दुकानदारांनी नफा सोडून द्यायची तयारी दाखवली आहे. एका घराचा संच असा: दोन पातेली झाकणासकट, तवा, परात, चार ताटे, चार पेले, पळी, कळशी. आणि जो रोख निधी जमला आहे तो एकदम वाटून न टाकता, मुख्याध्यापकांनी दिलेल्या यादीतून वीस मुले निवडून त्यांच्या शिक्षणाचा खर्च दहावी होईपर्यंत मंडळाने उचलावा. सर्वांत लहान मूल सहावीत आहे. म्हणजे पाच गणेशोत्सव. दर उत्सवात हिशेब याच व्यासपीठावरून वाचला जाईल. कार्यकारिणीत काहींचे म्हणणे असे की मंडळाची पदे दोन वर्षांनी बदलतात, पाच वर्षांचे वचन कसे द्यायचे? शंका रास्त आहे. नवे अध्यक्ष म्हणतील, हे आमच्या काळात ठरले नव्हते. तिसऱ्या वर्षी आर्केस्ट्राचा खर्च वाढेल आणि हा खर्च कापावा असे कुणी म्हणेल. मलाही ती भीती आहे. म्हणून वर्गणीच्या पावतीत एक वेगळा रकाना असावा आणि त्या रकान्याचे पैसे वेगळ्या खात्यात जावेत, त्यावर सह्या तिघांच्या असाव्यात, असे मी सुचवले आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय येईल. आपले मत तिथे जरूर मांडावे, विरोधाचेही.

तोवर विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सहा वाजता आपली गाडी भांडी आणि वह्या घेऊन खम्ममला निघेल. संध्याकाळपर्यंत मुक्काम, रात्री परत. मुख्याध्यापकांकडे यादी तयार आहे, घरोघरी जाऊन पाहायचे आहे. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. तेलुगू चांगले बोलणाऱ्या दोन भगिनी आल्या तर फार बरे होईल. नावे सचिवांकडे द्यावीत. डबा ज्याचा त्याने आणायचा आहे.

गणपती बाप्पा मोरया!